एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला मानधनाचे कार्यक्रम कसे मिळतात?

एकतारी

नमस्कार. मी गेली सहा वर्षे गिटार वाजवत गाते आहे. साथीला कोणी नसते. आवाज, एक गिटार आणि चाळीसेक गाणी एवढेच माझे भांडवल आहे. गेल्या वर्षभरात ओपन माइकच्या, म्हणजे कोणालाही येऊन दोन-तीन गाणी म्हणता येणाऱ्या खुल्या मंचावर दहा-बारा वेळा गायले, लोकांनी मनापासून दाद दिली, आणि दोन-तीन जणांनी नंतर थांबवून ‘तुमचा कार्यक्रम कुठे असतो?’ असे विचारले. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी कॅफे, रेस्टॉरंट आणि हॉटेल अशा तीस ठिकाणी ईमेल पाठवले. त्यांत माझी सविस्तर ओळख, संगीताचे शिक्षण, आवडते कलाकार आणि घरी ध्वनिमुद्रित केलेल्या चार गाण्यांचे दुवे होते. उत्तरे आली दोन. एकाने नकार कळवला आणि दुसऱ्याने ‘मानधन देता येणार नाही, पण तुम्ही लोकांपर्यंत पोहोचाल’ असे लिहिले.

जे लोक एकट्याने, कोणत्याही मोठ्या नावाशिवाय, नियमित मानधन घेऊन गातात किंवा वाजवतात त्यांना मला विचारायचे आहे की पहिले काम नेमके कसे मिळाले, विचारायचे कोणाला आणि कशा शब्दांत, आणि रक्कम किती सांगायची हे तुम्ही कसे ठरवता. स्वतःची ध्वनियंत्रणा नसेल तर काम मिळतच नाही का? मला प्रसिद्धीची घाई नाही. महिन्यातून चार संध्याकाळी गाऊन त्याचे योग्य पैसे मिळावेत, एवढीच इच्छा आहे.

मंद्रसप्तक

एकतारी, मी अकरा वर्षे एकट्याने गातो-वाजवतो आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षे मीही असेच ईमेल लिहिण्यात घालवली. तुम्हाला दोनच उत्तरे आली याचा तुमच्या गाण्याशी फारसा संबंध नाही, कारण त्यातल्या बहुतेक ठिकाणी तुमचे गाणे कोणी ऐकलेच नसणार. अशा जागांच्या सार्वजनिक पत्त्यावर आलेली पत्रे बहुधा टेबलांचे आरक्षण पाहणाऱ्या माणसाच्या हाती पडतात आणि कलाकार ठरवणारी व्यक्ती निराळीच असते. ती व्यक्ती कोण हे कळेपर्यंत पत्र लिहूच नये, असे माझे मत आहे.

मी आता ज्या जागेत गाण्याचा विचार असतो तिथे आधी एक संध्याकाळ ग्राहक म्हणून जाऊन बसतो, आणि शक्यतो दुसऱ्या कोणाचे गाणे असेल तीच संध्याकाळ निवडतो. कलाकार कुठे उभा राहतो, लोक गाणे ऐकायला आलेले असतात की गप्पा मारायला, कोणत्या गाण्याला माना वर होतात, किती वाजता जागा रिकामी होऊ लागते, हे सगळे तासाभरात दिसते. गाणाऱ्याला मध्यंतरात भेटून त्याच्या गाण्याबद्दल दोन खरे शब्द बोलावेत आणि इथले काम कोण पाहते हे विचारावे. बहुतेक कलाकार मोकळेपणाने सांगतात. मग दोन-चार दिवसांनी, जेवणाच्या गर्दीच्या वेळा टाळून, दुपारच्या निवांत वेळी प्रत्यक्ष जाऊन त्या व्यक्तीला भेटावे. मी बोलणे पाच मिनिटांच्या वर जाऊ देत नाही. ‘मी मागच्या आठवड्यात इथे आलो होतो, तुमच्याकडे आठवड्याच्या मधल्या दिवसांत संगीत नसते असे दिसले, मी त्या संध्याकाळी तीन भागांत गाऊ शकतो, माझा आवाज आणि गिटार असा असतो’ इतके सांगून दीड मिनिटाचे एक चलचित्र दाखवतो.

हे चलचित्र मात्र कसून तयार करा. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावरून तुम्ही प्रत्यक्ष लोकांसमोर कशा गाता हे कळत नाही. तीन वेगळ्या प्रकृतीच्या गाण्यांचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे घ्या, तेही प्रत्यक्ष कार्यक्रमातले, आवाजावर कोणतीही प्रक्रिया न केलेले. पहिल्या सेकंदाला गाणे सुरू झालेले असावे. नावाची पाटी, प्रस्तावना, गिटार जुळवणे, काही नको.

आता गाण्यांच्या संख्येबद्दल. रेस्टॉरंटमधले काम साधारणपणे ४५ मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये १५ मिनिटांची विश्रांती असे असते. एक गाणे साडेतीन ते चार मिनिटांचे धरले आणि दोन गाण्यांमधला वेळ मिळवला, तर एका भागात दहा-अकरा गाणी होतात, म्हणजे संध्याकाळभरात तीस ते तेहेतीस. पहिल्यापासून शेवटपर्यंत बसणारे एखादे टेबल असतेच, त्यामुळे एकदा झालेले गाणे पुन्हा घेता येत नाही. तुमची चाळीस गाणी जेमतेम पुरतील, पण फर्माईश आली किंवा एखादे गाणे त्या खोलीत चालेनासे झाले तर हाताशी फारसे काही उरणार नाही. वर्षभरात पन्नास-साठपर्यंत जा. सगळ्यांत चढ्या स्वरांची गाणी दुसऱ्या भागाच्या मध्यावर ठेवा, कारण सुरुवातीला गळा तापलेला नसतो आणि तिसऱ्या भागात तो थकतो. ओपन माइकवर तीन गाणी म्हणणे आणि तीन तास गाणे यांत फार अंतर आहे, आणि ते घरीच, घड्याळ लावून, पूर्ण तीन भाग म्हणून पाहिल्याशिवाय कळत नाही.

माझे पहिले मानधनाचे काम कोणत्याही अर्जातून आले नाही. एका गायकाचा घसा बसला, त्याने दुपारी चार वाजता मला फोन केला आणि सात वाजता मी त्याच्या जागी उभा होतो. ओपन माइकला येणाऱ्यांपैकी ज्यांना आधीच कामे आहेत त्यांच्याशी ओळख ठेवा, ऐन वेळी बदली म्हणून येण्याची तयारी आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि त्यांनी विश्वासाने पाठवले तर त्यांच्या जागी स्वतःचा जम बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नका. त्या जागेच्या मालकाने नंतर परस्पर तुम्हालाच विचारले, तर ज्याने पाठवले त्याला आधी कळवा. कलाकारांमध्ये ही गोष्ट फार दिवस लक्षात राहते.

रेस्टॉरंटच्या पलीकडेही पाहा. वृद्धाश्रमांत आणि ग्रंथालयांत दिवसा तासाभराचे कार्यक्रम होतात, तिथे लोक खरोखर कान देऊन ऐकतात आणि ध्वनियंत्रणा लहान असली तरी भागते. लग्नसमारंभात पाहुणे येण्याच्या वेळी एकटा वादक हवा असतो, कंपन्यांच्या स्वागतसमारंभांतही असतो, आणि तिथले मानधन रेस्टॉरंटच्या कितीतरी पट असू शकते, कारण तो दिवस त्यांना पुन्हा मिळणार नसतो. अगदी सुरुवातीला एखाद्या जागेने अर्धा तास विनामूल्य ऐकवायला सांगितले तर मी नाही म्हणणार नाही. एकदाच, आणि गर्दी नसलेल्या दिवशी.

संध्याकाळची_पाळी

मी स्वतः गात नाही. नऊ वर्षे एका रेस्टॉरंटची व्यवस्था पाहिली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कोण गाणार हे ठरवणे माझ्याकडे होते, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगते.

माझ्याकडे महिन्याला पंधरा-वीस पत्रे येत. बहुतेकांची सुरुवात ‘मी लहानपणापासून संगीताच्या प्रेमात आहे’ अशा धर्तीची असे. त्या प्रेमाबद्दल मला शंका नव्हती, पण पत्र वाचताना माझ्या डोक्यात दुसरेच प्रश्न असत. हा माणूस वेळेवर येईल का? शेजारच्या टेबलावरच्या लोकांना एकमेकांशी बोलता येईल का? याला किती जागा आणि विजेचे किती पॉइंट लागतील? आणि बुधवारी साडेआठला उठून जाणारी माणसे याच्यामुळे साडेनऊपर्यंत बसतील का? या शेवटच्या प्रश्नावरच मानधन अवलंबून असते. संगीताच्या संध्याकाळचा गल्ला आणि संगीत नसलेल्या तशाच संध्याकाळचा गल्ला मी समोरासमोर ठेवून पाहत असे, आणि कलाकाराचे मानधन त्या फरकातूनच जावे अशी मालकांची अपेक्षा असे. हे कलाकारांना कोरडे वाटेल, पण ते माहीत असलेला कलाकार नेमके बोलतो.

ज्यांना मी लगेच फोन केला त्यांची पत्रे चार-पाच ओळींची होती. एकीने लिहिले होते की ती एकटी येते, दीड मीटर लांबी-रुंदीची जागा आणि विजेचा एक पॉइंट पुरतो, ध्वनियंत्रणा तिची स्वतःची आहे, वीस मिनिटांत मांडते, आणि पुढच्या महिन्यातल्या अमुक तीन बुधवारी ती मोकळी आहे. खाली चलचित्राचा एक दुवा आणि मानधनाचा आकडा. मला फक्त हो किंवा नाही एवढेच ठरवायचे उरले होते. ती पुढे चार वर्षे आमच्याकडे गात होती.

आकडा लिहा, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे लिहिण्यामागे नम्रता असते, पण व्यवस्थापकाला त्याचा उपयोग नसतो. एक तर त्याला मालकाकडे जाऊन आकडा स्वतः सुचवावा लागतो, नाही तर तो सगळ्यांत लहान आकड्यापासून सुरुवात करतो. आकडा मोठा वाटला तर आम्ही तसे सांगत असू आणि बोलणे पुढे जात असे. आकड्यामुळे मी कोणाचेही पत्र बाजूला टाकले नाही.

किती लोक आणाल याबद्दल खोटे आश्वासन देऊ नका. एका गायकाने चाळीस जण येतील असे सांगितले, आम्ही त्या दिवसासाठी दोन माणसे जास्तीची बोलावली आणि आले सहा जण. गाणे चांगले झाले होते, तरी त्याला पुन्हा बोलावणे मला जमले नाही. याउलट ज्या गोष्टी हातात आहेत त्या चोख ठेवा. दोन दिवस आधी ‘बुधवारी सहाला पोहोचते’ असा एक निरोप, वेळेवर सुरुवात, पंधरा मिनिटांची विश्रांती खरोखर पंधरा मिनिटांची. आणि आवाज कमी करायला सांगितल्यावर चेहरा न पाडता कमी करणे, कारण ते सांगायला आलेल्या वाढप्याच्या मागे कोणीतरी तक्रार केलेला ग्राहक असतो आणि तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडलेला असतो.

हिशेबाची_वही

मी कीबोर्ड वाजवते आणि गेली पंधरा वर्षे याच उत्पन्नावर घर चालवते, म्हणून पैशांबद्दल लिहिते.

तीन तासांचा कार्यक्रम हे तीन तासांचे काम नसते. सामान भरणे, प्रवास, मांडणी, साउंड चेक (सुरू करण्यापूर्वी आवाज जुळवून पाहणे), कार्यक्रम, आवराआवर आणि परतीचा प्रवास असे सगळे धरले तर सहा-सात तास जातात, आणि सराव, पत्रव्यवहार व चलचित्रे यांचा वेळ त्याहून वेगळा. मी दरवेळी आधी थेट खर्च मांडते: प्रवास, तारा, सामानाची झीज. मग लागणारे एकूण तास गुणिले मला परवडणारा तासाचा दर. त्या बेरजेच्या खाली मी जात नाही. हा माझा तळाचा आकडा आहे आणि तो मी कोणालाही सांगत नाही. सांगते तो आकडा यापेक्षा जास्त असतो, कारण घासाघीस होतेच. तुमच्या भागात काय दर चालतो ते पाच-सहा कलाकारांना सरळ विचारा. नव्या कलाकाराने फारच कमी दर सांगितला तर जुन्यांचेही दर पडतात, त्यामुळे हे सांगण्यात त्यांचाही फायदा आहे.

मानधन ठरवण्याच्या साधारण तीन पद्धती आहेत. ठरावीक रक्कम ही एकट्या कलाकारासाठी सर्वांत सुरक्षित. दुसरी म्हणजे तिकीटविक्रीतला वाटा, ज्यात ‘७० टक्के तुमचे’ हे ऐकायला छान वाटते, पण ते एकूण विक्रीच्या ७० टक्के की ध्वनियंत्रणा, जाहिरात आणि कर्मचारी यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेच्या ७० टक्के, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. समजा विक्री १०० झाली आणि खर्च ६० दाखवला, तर तुमच्या हाती ७० ऐवजी २८ येतात. तिसरी पद्धत म्हणजे कमी पण निश्चित रक्कम आणि ठरावीक विक्रीनंतर वाटा. तुमचे स्वतःचे श्रोते तयार झाले की हीच सर्वांत न्याय्य वाटते. कलाकाराने आधी तिकिटे विकत घ्यायची आणि मग ती स्वतः खपवायची, असा प्रस्ताव आला तर तिथे जाऊ नका. त्यात सगळा धोका तुमच्या अंगावर पडतो.

ठरलेले सगळे लिहून घ्या. वकिलाची गरज नाही, साधा ईमेल पुरतो: तारीख, पोहोचण्याची आणि सुरू करण्याची वेळ, किती भाग, रक्कम, ती कधी आणि कशी मिळणार, ध्वनियंत्रणा कोणाची, वेळ वाढवल्यास किती जादा, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय. ‘यात काही चुकले असल्यास कळवा’ असे शेवटी लिहून समोरच्याचा होकार लेखी घ्या. लग्नासारख्या समारंभासाठी मी अर्धी रक्कम विसार म्हणून घेते आणि तो मिळेपर्यंत तारीख राखून ठेवत नाही. उरलेली अर्धी वाजवायला बसण्यापूर्वी. एकदा एका समारंभात ‘उद्या देतो’ या शब्दावर मी घरी गेले आणि पुढचे चार महिने फोन करत राहिले. पैसे शेवटी मिळालेच नाहीत. तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

मंद्रसप्तक यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. ज्या जागेत त्या संध्याकाळी पैसे मिळवले जात आहेत तिथे अर्धा तासही विनामूल्य वाजवू नये. ऐकवायचेच असेल तर चलचित्र आहे, ओपन माइक आहे, दुपारी जागा बंद असताना दोन गाणी ऐकवता येतात. एखाद्या सेवाकार्यासाठी, शाळेसाठी, स्वतःला जवळच्या वाटणाऱ्या कामासाठी जरूर विनामूल्य गा, मीही वाजवते. पण तेव्हा तिथे कोणालाच पैसे मिळत नसतात. वाढपी, स्वयंपाकी, दिवे लावणारा यांना सगळ्यांना मोबदला आणि गाणाऱ्याला मात्र ‘लोकांपर्यंत पोहोचाल’, हे मला मान्य नाही.

मंद्रसप्तक

हिशेबाची_वही यांचे म्हणणे पटले. दुपारी, जागा बंद असताना दोन गाणी ऐकवणे हा माझ्या सुचवण्याहून चांगला मार्ग आहे आणि मी माझे वाक्य मागे घेतो.

ध्वनितंत्री

ध्वनियंत्रणेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. स्वतःची यंत्रणा नसली म्हणून काम अडतेच असे नाही, पण लहान जागांपैकी अनेकांकडे काहीच नसते किंवा असते ते पार्श्वसंगीतासाठी छताला लावलेले असते, आणि त्यावर गाता येत नाही. त्यामुळे जिचे सामान तिच्याबरोबर येते तिला होकार लवकर मिळतो.

सुरुवातीला एवढेच पुरे: कार्डिऑइड प्रकारचा, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा एक डायनॅमिक मायक्रोफोन, त्याचा स्टँड, मायक्रोफोन आणि गिटारसाठी दोन जोडण्या आणि थोडा रिव्हर्ब (आवाजाला मिळणारी घुमारेदार छटा) असलेला एक लहान स्पीकर, आणि त्याचा उंच स्टँड. डायनॅमिक मायक्रोफोनला वीजपुरवठा लागत नाही. कंडेन्सर हा जास्त संवेदनशील प्रकार असेल तर बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधूनच मायक्रोफोनला मिळणारी वीज, लागतो आणि तो लहान स्पीकरवर नसू शकतो, शिवाय गोंगाटाच्या खोलीत कंडेन्सर आजूबाजूचे सगळेच टिपतो. दुसऱ्याच्या यंत्रणेवर वाजवायची वेळ आली तर गिटार आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणारी लहान पेटी, ठेवा. गिटारचा सिग्नल लांब तारेतून न्यायचा असेल तर त्याशिवाय घरघर येते आणि सुराचा उजळपणा जातो.

मांडणीत दोन चुका हमखास दिसतात. स्पीकर गाणाऱ्याच्या मागे ठेवला की त्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. तो मायक्रोफोनच्या पुढे, थोडा बाजूला ठेवा. दुसरी चूक उंचीची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते; बंद खोलीत भिंतींमुळे ती थोडी कमी उतरते, तरी स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर असेल तर पहिले टेबल हैराण होते आणि शेवटच्या टेबलाला काही कळत नाही. तो बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर न्या, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या टेबलांमधला फरक कमी होतो. संध्याकाळची_पाळी यांनी सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्या केवळ एवढ्याने टळतात असा माझा अनुभव आहे.

रिकाम्या खोलीत साउंड चेक करताना आवाज झगझगीत वाटेल, म्हणून उंच स्वर फार कापू नका. माणसे भरली की कपडे आणि शरीरे तेच स्वर शोषून घेतात. पहिल्या गाण्यानंतर कानाने पुन्हा जुळवा. पिशवीत तारांचा जादा संच, जादा केबल, गिटारच्या पिकअपची (गिटारचा आवाज टिपून स्पीकरकडे पाठवणाऱ्या भागाची) ९ व्होल्टची बॅटरी आणि विजेची लांब तार असावी. या चारांपैकी एक तरी वस्तू पहिल्या वर्षात लागतेच.

एकतारी

सर्वांचे मनापासून आभार. मी कालच घड्याळ लावून तीन भाग गाऊन पाहिले आणि तिसऱ्या भागात सातव्या गाण्याला आवाज साथ देईनासा झाला, त्यामुळे गाण्यांचा क्रम नव्याने लावते आहे. चलचित्र पुढच्या ओपन माइकला करून घेईन. स्पीकर विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहण्याचा विचार आहे.

एक शंका राहिली. माझ्या चाळीस गाण्यांपैकी सहाच माझी स्वतःची आहेत, बाकी इतरांची. पैसे घेऊन ती गाण्यासाठी मला कोणाची परवानगी काढावी लागते का?

हिशेबाची_वही

प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो वेळीच विचारलात. बहुतेक देशांत सार्वजनिक ठिकाणी गाणे सादर करण्याचा परवाना जागेच्या चालकाने किंवा आयोजकाने घ्यायचा असतो आणि तो गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून मिळतो. या व्यवस्थेची सुरुवात एका कॅफेतच झाली. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत गीतलेखक एर्नेस्त बुर्जे आणि त्यांचे दोन संगीतकार सहकारी बसले असताना त्यांचीच रचना तिथे सादर होत होती. आमच्या गाण्याचे तुम्ही पैसे देत नसाल तर आम्हीही बिल देणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्यातूनच १८५१ साली फ्रान्समधली सासेम ही संस्था उभी राहिली. तेव्हा काम ठरवताना ‘तुमच्याकडे संगीत सादरीकरणाचा परवाना आहे ना?’ एवढा एक प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खासगी घरगुती समारंभासाठी नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्याकडच्या हक्कसंस्थेचे नियम एकदा वाचून घ्या.

जुन्या रचनांबाबत सांगायचे तर, बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हक्क राहतो आणि अनेक देशांत ही मुदत ७० वर्षे आहे. मूळ रचना मुक्त झाली असली तरी तिच्या एखाद्या नव्या संयोजनावर वेगळा हक्क असू शकतो. दुसऱ्याच्या गाण्याचे चलचित्र इंटरनेटवर टाकणे हा निराळा हक्क आहे, सादरीकरणाच्या परवान्यात तो येत नाही. म्हणून तुमच्या दीड मिनिटाच्या चलचित्रात एक तुकडा तरी स्वतःच्या गाण्याचा ठेवा.

आणि त्या सहा गाण्यांना कमी लेखू नका. ती हक्कसंस्थेकडे नोंदवली आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर गायलेल्या गाण्यांची यादी कळवली, तर अनेक देशांत त्या सादरीकरणाचे शुल्क रचनाकार म्हणून तुम्हालाच मिळते. रक्कम लहान असते, पण ती तुमची असते.

एकतारी

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. ओपन माइकला नेहमी भेटणाऱ्या एका गायकाला बाहेर जावे लागले आणि त्याने मला बदली म्हणून पाठवले. मंगळवार होता. पहिल्या भागात माझ्या बाजूला बघणारे कोणी नव्हते आणि मला फार एकटे वाटले. दुसऱ्या भागात मी मुद्दाम आवाज आणखी कमी केला, तेव्हा दोन टेबलांवरचे बोलणे थांबले आणि लोक ऐकू लागले. माझे स्वतःचे एक गाणे तिसऱ्या भागात घेतले. ठरलेली पूर्ण रक्कम निघण्यापूर्वी हातात मिळाली. व्यवस्थापकांनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येण्याबद्दल विचारले; मी त्या गायकाला आधी कळवले आणि त्याने स्वतः चालवलेले मंगळवार निराळे असल्याचे सांगून आनंदाने होकार दिला.

आता त्यांना कोणता दर सांगू? बदलीच्या दिवशी मिळालेली रक्कम त्याच्या दराची होती, माझ्या मनातल्या तळाच्या आकड्याहून ती बरीच जास्त आहे, आणि नवी म्हणून मी कमी सांगावे की काय असे वाटते आहे.

संध्याकाळची_पाळी

तोच सांगा. तुम्ही तीन भाग गायलात, त्यांनी ती रक्कम दिली आणि त्यानंतर तुम्हाला बोलावले, म्हणजे त्यांचा हिशेब त्या रकमेत बसला आहे. कमी आकडा सांगितलात तर त्या गायकाचा दर पुढच्या वेळी तुमच्याशी ताडून पाहिला जाईल. पहिल्या चार महिन्यांच्या तारखा एकाच ईमेलमध्ये लिहून आजच पाठवा, कारण व्यवस्थापक पुढच्या महिन्यांची आखणी आधीच करून ठेवतात.